ओव्हर देता तसं लिहा

मॅडम, मी २७ वर्षांची आहे. बी.एस्सी. नर्सिंग करून चार वर्षं कोल्हापुरात एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयूला स्टाफ नर्स आहे. गाव राधानगरी तालुक्यात, दहावीपर्यंत मराठी शाळा. ब्रिटनला जायचं म्हणून गेल्या वर्षी राजारामपुरीत क्लास लावला. फी वडिलांनी उसाच्या बिलातून भरली. अभ्यास तर लय केलो. रात्रीच्या गाडीने पुण्याला जाऊन सकाळी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला बसले. लिसनिंग ६.५, रीडिंग ७, रायटिंग ५.५, स्पीकिंग ६ आणि एकूण ६.५. घरात सगळ्यांना वाटलं पास झाले, पण एजंट म्हणाला चालत नाही. सर म्हणतात, तीस निबंध पाठ कर आणि ॲक्सेंट सुधार. मैत्रिणी म्हणतात ओईटी दे, ती दवाखान्यातल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा, सोपी असते. घरात स्थळं बघायला लागलेत. माझं इंग्रजीच कच्चं आहे का? पुन्हा क्लास लावू, ओईटी देऊ, का सोडून देऊ? नाव छापू नका.
— एक नर्स, कोल्हापूर

प्रिय सिस्टर,

नाव छापू नका म्हणालात, म्हणून वॉर्डात सगळे मारतात तीच हाक मारते.

निकालाचा कागद पुन्हा एकदा समोर घ्या. चार विभागांची बेरीज २५, भागिले चार म्हणजे ६.२५. पाव आला की आयईएलटीएसवाले वरच्या अर्ध्या बँडवर, म्हणजे गुणांच्या पायरीवर नेतात, म्हणून ६.५ छापून आलं. घरच्यांनी तेवढाच आकडा बघून पेढे आणले असतील तर त्यांचं काही चुकलं नाही. पण ब्रिटनची नर्सिंग कौन्सिल, म्हणजे एनएमसी, प्रत्येक विभाग सुटा बघते. लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला ७ आणि रायटिंगला ६.५. तुमचं फक्त रीडिंग बसलं. दोन वेळच्या परीक्षांचे गुण एकत्र करायची सोय आहे, दोन्ही बारा महिन्यांच्या आतल्या असतील तर. पण त्यातही रायटिंग कुठल्याच खेपेला ६ च्या खाली आणि बाकीचे तीन ६.५ च्या खाली गेलेले चालत नाहीत. तुमचे ५.५ आणि ६ त्या चाळणीतून खाली पडतात. तेव्हा रीडिंगचं ते ७ पुढच्या खेपेला कामाला येणार नाही, पाटी कोरी धरा. हे सगळं फी भरायच्या आधी तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं.

आणि ती रात्रीची गाडी! लिसनिंग, रीडिंग, रायटिंग हे तिन्ही पेपर मध्ये सुट्टी न देता ओळीने होतात, पावणेतीन तासांच्या आसपास जातात. लिसनिंगला रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. रात्रभर एसटीत मान वाकडी करून बसलेल्या माणसाचं लक्ष एक वाक्यभर जरी सुटलं तरी पुढचे दोन प्रश्न गेलेच. आणि रायटिंग येतं शेवटी, डोकं रिकामं झाल्यावर. तुमच्या गुणांमधला थोडा तरी वाटा त्या गाडीचा आहे. पुढच्या वेळी केंद्र बाहेरगावी असेल तर आदल्या दुपारी पोचा, खोलीचे पैसे गेले तरी जाऊ द्यात.

आता मुद्द्याचं. इंग्रजी कच्चं आहे का? रीडिंगला ७ मिळवणारी मुलगी कच्ची नसते. तुमचं इंग्रजी आत जातंय नीट, बाहेर येताना अडकतंय. बाहेर येताना ते दोन जागी अडकतं असं मला वाटतं. एक म्हणजे मराठी वाक्य इंग्रजी कपडे घालून येतं. दुसरं, जे तुम्हाला रोज सांगायची सवय आहे ते सोडून सरांनी दिलेलं पाठांतर तुम्ही सांगायला जाता.

दुसरं आधी घेते. शिफ्ट बदलताना तुम्ही ओव्हर देता तेव्हा काय सांगता? ‘बेड चारच्या आजोबांना रात्री दहाला १०३ ताप होता. पॅरासिटामॉल दिल्यावर बाराच्या सुमारास १०० वर आला, पहाटे परत १०१ झाला, आता नॉर्मल. पल्स तापाबरोबर वर-खाली होत होती, बीपी मात्र रात्रभर स्थिर.’ समोर टीपीआर, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा चार्ट आहे, त्यावर तासातासाचे ठिपके आहेत. ते ठिपके एकेक करून वाचून दाखवलेत तर सकाळची सिस्टर तुम्हाला हात जोडेल. तुम्ही वर कधी गेला, खाली कधी आला, काय कशाबरोबर हललं आणि काय जागचं हललं नाही, एवढंच सांगता.

आयईएलटीएस ॲकॅडेमिकचा रायटिंग टास्क वन हेच मागतो. कुठल्यातरी देशातल्या वीजवापराचा नाहीतर प्रवाशांचा आलेख देतात आणि निदान १५० शब्दांत त्याचा सार लिहा म्हणतात. कारणं विचारलेली नसतात, मत विचारलेलं नसतं. बहुतेक मुलं डावीकडून उजवीकडे प्रत्येक आकडा लिहीत सुटतात, आणि एकूण चित्र काय आहे हे सांगणारं वाक्यच राहून जातं. तुम्हाला त्या आलेखात आजोबांचा ताप दिसायला लागला तर अर्धं काम झालं.

मी स्वतः ही परीक्षा दिली तेव्हा पंधरा वर्षं इंग्रजी शिकवत होते, तरी रायटिंगमध्ये आपटले. कारण लाजिरवाणं आहे. पहिल्या टास्कचा आलेख मी पस्तीस मिनिटं नटवत बसले आणि दुसऱ्याला पंचवीस उरली. दुसऱ्याला, म्हणजे २५० शब्दांच्या निबंधाला, पहिल्याच्या दुप्पट वजन असतं. मुलांना वीस आणि चाळीस मिनिटांची वाटणी मी फळ्यावर लिहून द्यायचे, बरं का.

सरांच्या तीस निबंधांचं सांगते. ‘इन धिस मॉडर्न एरा ऑफ ग्लोबलायझेशन’ आणि ‘एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स’ ही वाक्यं तपासणाऱ्यांनी इतक्यांदा वाचलेली असतात की ती आली की पुढचं पाठ केलेलं येणार हे त्यांना कळतं. पाठांतराला गुण द्यायचे नाहीत अशीच त्यांची पद्धत आहे. त्यात प्रश्न जरा तिरका आला की पाठ केलेला निबंध त्याला लागूच होत नाही, आणि विचारलेल्याचं उत्तर दिलं का याला चौथा हिस्सा गुण असतात. स्पीकिंगमध्ये तर लगेच उघडं पडतं. एक मिनिट विचार करायला देतात, दोन मिनिटांपर्यंत बोलायचं असतं. पाठ केलेलं म्हणताना आवाज एका पट्टीत जातो, नजर वर जाते, आणि परीक्षक पुढचा प्रश्न असा टाकतो की गाडी घाटात बंद पडावी. तुमचं ६ तिथंच थांबलं असणार, पैज लावते.

आता मराठी वाक्याचं. तुमच्या फाइलवरच्या नोट्स मी पाहिलेल्या नाहीत, पण कोल्हापुरातल्या इतक्या मुलींच्या वह्या तपासल्यात की साधारण असं वाक्य असणार: ‘लास्ट नाईट पेशंट वॉज हॅविंग पेन. आय हॅड इन्फॉर्म्ड डॉक्टर. शी हॅड टोल्ड टु गिव्ह इंजेक्शन.’ यातला तो ‘हॅड’ कुठून आला? आपल्या ‘होतं’ मधून. ‘मी डॉक्टरांना सांगितलं होतं’, ‘काल मी गावी गेले होते’ असं आपण सहज म्हणतो, त्यात आधी-नंतरचा हिशेब नसतो. इंग्रजीत ‘हॅड’ लागला की ऐकणारा विचारतो, हे कशाच्या आधी झालं? साधं ‘आय इन्फॉर्म्ड द डॉक्टर, अँड शी आस्क्ड मी टु गिव्ह ॲन इंजेक्शन’ म्हणा. आठवडाभर स्वतःच्या लिखाणातला प्रत्येक ‘हॅड’ लाल पेनाने गोल करा आणि त्याला विचारा, तू इथं का आलास? दहातले आठ निघून जातील.

तसंच ‘अ’ आणि ‘द’. मराठीत आर्टिकल नाही असं आपण शिकवतो, पण गोष्ट सांगताना आपण ते वापरतोच की. ‘एक म्हातारी होती. त्या म्हातारीला एक सून होती. ती सून...’ पहिल्यांदा आली तेव्हा ‘एक’, ओळख झाल्यावर ‘ती’, ‘त्या’. ‘एक’च्या जागी ‘अ’ आणि ‘त्या’च्या जागी ‘द’ टाका. सगळीकडे चालणार नाही, पण तुमच्या निम्म्या चुका एवढ्याने जातील. ‘पेशंट वॉज ॲडमिटेड टु वॉर्ड’ वाचलं की मला ती सून उंबऱ्याबाहेर उभी दिसते.

आणि प्रश्न. ‘तुम्ही का रडताय?’ यात आपण शब्दांची जागा बदलत नाही, म्हणून ‘व्हाय यू आर क्राइंग?’ निघतं. ‘टेन्शन घेऊ नका’चं ‘डोन्ट टेक टेन्शन’ होतं. तिथल्या आजीला ते कळणारच नाही.

ॲक्सेंटबद्दल मात्र माझं सरांशी अजिबात जमणार नाही. पत्रात तुम्ही ‘लय केलो’ लिहिलंत ते मी तसंच छापायला दिलंय. पुण्यात शिकायला होते तेव्हा हॉस्टेलच्या मुली माझ्या ‘जेवण केलो’ला हसायच्या. पण मी जेवले की नाही हे कुणाला कळलं नाही असं एकदाही झालं नाही. आयईएलटीएसलाही तेवढंच हवं असतं. बोललेलं नीट कळावं, त्यासाठी साहेबासारखं नाकातून बोलावं लागत नाही. आपल्याकडे मेहनत घ्यायची ती ‘व’ आणि ‘व्ह’वर. ‘वुंड’ आणि ‘वॉर्ड’ला ओठांचा चंबू, ‘व्हेन’ (म्हणजे शीर) आणि ‘व्हॉमिट’ला वरचे दात खालच्या ओठावर. आरशासमोर उभं राहून करा, चार दिवसांत फरक कळेल. आणि ‘फिफ्टीन’चा जोर शेवटी, ‘फिफ्टी’चा सुरुवातीला. हा फरक तुम्हाला बोलताना जमला की लिसनिंगमध्येही ऐकू येतो. डोसचा आकडा आहे, त्यामुळे तुम्हाला महत्त्व वेगळं सांगायला नको.

रीडिंगवर फार बोलत नाही, तुम्हाला जमतंय. ‘फॉल्स’ आणि ‘नॉट गिव्हन’मध्ये गोंधळ होत असेल तर फाइलवरचा ॲलर्जीचा रकाना आठवा. ‘ॲलर्जी नाही’ असं लिहिलेलं असणं वेगळं आणि रकाना कोरा असणं वेगळं.

आता ओईटी. मैत्रिणी ‘सोपी’ म्हणतात ते खरं नाही. फी आयईएलटीएसपेक्षा बरीच जास्त आहे, लिसनिंग वेगवान आहे, पहिल्याच भागात ऐकता ऐकता नोट्स भरायच्या असतात. रीडिंगच्या पहिल्या भागात चार मजकूर आणि वीस प्रश्न, वेळ पंधरा मिनिटं. तरी माझं मत विचाराल तर तुम्ही ओईटी द्या. तुम्हाला रायटिंगमध्ये एक आणि स्पीकिंगमध्ये एक अख्खा बँड वर जायचंय, आणि ओईटीत हे दोन्ही पेपर नर्सिंगचेच असतात. एनएमसीला त्यात लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला बी, म्हणजे ५०० पैकी किमान ३५०, आणि रायटिंगला सी प्लस, म्हणजे ३०० लागतात.

रायटिंगमध्ये केस नोट्स देतात. पाच मिनिटं वाचायला, चाळीस लिहायला. १८० ते २०० शब्दांचं पत्र, डिस्चार्जचं, ट्रान्स्फरचं किंवा रेफरलचं. समजा अडुसष्ट वर्षांच्या बाई, खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन, उद्या घरी जाणार, घरी येऊन ड्रेसिंग करणाऱ्या नर्सला पत्र लिहायचंय. नोट्समध्ये भरपूर काही असतं. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, १९८२ मध्ये अपेंडिक्स काढलंय, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात, जिन्याला कठडा नाही, वॉकर वापरायला तयार नाहीत, बागेची आवड आहे. काय घ्याल? अपेंडिक्स आणि बाग सोडा. जिना, एकटं राहणं आणि वॉकरचा नकार आलाच पाहिजे, कारण पत्र वाचणारी त्यासाठीच जाणार आहे. आणि हे पत्र कशासाठी लिहितेय ते पहिल्या एक-दोन वाक्यांत. नोट्समधलं सगळं कोंबणाऱ्याचे गुण जातात. तीस निबंध पाठ केलेल्या मुलीपेक्षा चार वर्षं ओव्हर दिलेल्या मुलीला हे निवडणं लवकर जमतं.

स्पीकिंगला दोन रोल प्ले, प्रत्येकी पाचेक मिनिटं, आधी तीन मिनिटं तयारीला. समोरचा माणूस पेशंट नाहीतर नातेवाईक होऊन बोलतो. इन्सुलिन नको म्हणणारे काका असतील, आईला घरी न्यायला घाबरलेली मुलगी असेल. पथ्य सोडून तांबडा-पांढरा वरपणाऱ्या काकांना तुम्ही रोज समजावताच की. फक्त आपल्याकडे आपण दटावून समजावतो, ‘काका, असं कराल तर पाय कापावा लागेल’. तिथं आधी विचारायचं असतं की इंजेक्शन का नको वाटतं, आणि ते जे सांगतील ते धरून पुढे बोलायचं. पेशंटच्या बाजूचं ऐकून घेतलं का, याला ओईटीत वेगळे गुण आहेत. ‘आय कॅन सी धिस इज वरीइंग यू. व्हॉट बॉदर्स यू मोस्ट अबाउट द इंजेक्शन्स?’ अशी दोन वाक्यं जिभेवर बसली की पुढचं तुम्हाला येतं. शब्दांची थोडी अदलाबदल लागेल. तिथं ‘लूज मोशन’ कुणी म्हणत नाही, ‘सलाईन लावली’ला ‘ड्रिप’, कॅज्युअल्टीला ‘ए अँड ई’.

आयईएलटीएसमध्ये आता एकाच विभागाची फेरपरीक्षाही देता येते, पण ती सगळ्याच संस्था मानत नाहीत. तुम्ही तीन विभागांत कमी पडलेल्या असताना त्या वाटेला जाऊ नका.

क्लास लावायचा असेल तर राजारामपुरीतल्या पाट्यांवरचे ‘गॅरंटीड’ बँड वाचू नका, एकच विचारा: माझं पत्र कोण तपासणार आणि आठवड्याला किती? ‘ग्रुपमध्ये चर्चा करतो’ असं उत्तर आलं की चहा पिऊन परत या. शिकवणारा चांगला असला तरी तुम्हाला आता व्याख्यानं नकोत, लाल पेन हवं आहे. त्यासाठी दीड-दोन महिने कुणीतरी एकटं बसून तपासून देणारं मिळालं तर वडिलांच्या उसाच्या बिलाला कमी धक्का लागेल. ओईटीच्या संस्थळावर नमुना परीक्षा फुकट आहेत, त्या आधी संपवा. परीक्षा कॉम्प्युटरवर देणार असाल तर सगळा सराव टाइप करूनच करा, वहीत लिहून पुढे बोटं अडखळतात.

ड्युटी सांभाळून रोज दोन तास अभ्यास वगैरे वेळापत्रक मी देणार नाही, तुम्ही ते पाळणार नाही. नाईटच्या आठवड्यात फक्त ऐका, बीबीसी रेडिओ किंवा नमुना लिसनिंग, वीस मिनिटं, आणि झोपा. मॉर्निंग ड्युटीच्या आठवड्यात तीन पत्रं, घड्याळ लावून. घरी स्थळांच्या गप्पा चालू असतील तर भवानी मंडपाजवळच्या करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसा. १८५० पासूनची जागा आहे, तिथं तुम्हाला कुणी लग्नाचं विचारणार नाही. पत्र लिहिलं त्या दिवशी तपासू नका, दुसऱ्या दिवशी तपासा. त्या दिवशी आपल्याला आपली चूक दिसत नाही. नमुना परीक्षांमध्ये सलग तीनदा हवे ते गुण येईपर्यंत फी भरायची नाही.

एजंटला एक प्रश्न विचारा, तो तुमच्याकडून किती घेणार. ब्रिटनच्या भरतीच्या आचारसंहितेप्रमाणे नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घेता येत नाहीत. परीक्षेची, नोंदणीची फी वेगळी. शिवाय इंग्रजीनंतर सीबीटी, म्हणजे नर्सिंगची कॉम्प्युटरवरची परीक्षा, आणि तिकडे गेल्यावर ओस्की, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा बाकी असते, त्याचं त्याने काही सांगितलंय का बघा. गेल्या एक-दोन वर्षांत ब्रिटनमधली बाहेरच्या नर्सेसची भरती बरीच आटली आहे, हेही डोळ्यांसमोर ठेवा. ओईटी आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडलाही चालते. निकाल साधारण दोन वर्षं धरतात, तेव्हा कुठं अर्ज करणार हे आधी ठरवून मग परीक्षेची तारीख घ्या.

राहिलं स्थळांचं. लग्न करा की नको, हे मी सांगणार नाही. पण झालंच तर आडनाव बदलायची घाई करू नका. परीक्षेला पासपोर्ट लागतो, आणि निकाल, नर्सिंग कौन्सिलचं सर्टिफिकेट, डिग्री, एनएमसीचा अर्ज या सगळ्यांवर नाव अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. मध्येच पासपोर्टवर नवं आडनाव चढलं की प्रत्येक कागदाला एक जादा कागद जोडत बसाल. सासरच्यांना पत्रिका दाखवतानाच हे सांगून ठेवा. आणि आज ड्युटीवरून आल्यावर ज्या पेशंटचं ओव्हर दिलंत, त्याचं नाव-गाव काढून १८० शब्दांचं पत्र लिहा आणि मला पाठवा. लाल पेन तयार आहे.